एकहाती, घरगुती, डॉक्टरांची

महाराष्ट्रात जेवढे डॉक्टर आहेत, त्यांच्या कितीतरी पट डॉक्टरांच्या गाड्या विकायला आहेत. पूर्वी त्या वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत असायच्या, आता मोबाइलवर असतात, मजकूर तोच. ‘डॉक्टरांची गाडी, एकहाती, शोरूम मेंटेन, एक रुपयाचं काम नाही.’ डॉक्टरांच्या खालोखाल शिक्षिकांच्या गाड्या येतात. त्या फक्त शाळेत जाऊन येतात. मग निवृत्त अधिकाऱ्यांच्या. त्या रविवारी देवळापर्यंत जातात आणि उरलेला आठवडा कव्हराखाली झोपून काढतात. वकिलाची गाडी म्हणून विकायला आलेली गाडी मात्र माझ्या पाहण्यात नाही. वकील गाड्या विकत नसतील असं नाही. वकिलाची आहे असं सांगितल्यावर गिऱ्हाईक येत नसेल, एवढंच.

या जाहिराती नुसत्या वाचून भागत नाही, त्या सोडवाव्या लागतात. ‘अर्जंट विकणे आहे’ म्हणजे गेल्या दिवाळीपासून विकायला आहे. ‘किरकोळ टचअप’ म्हणजे डावी बाजू अख्खी रंगवलेली आहे. ‘एसी एकदम चिल्ड’ हे मे महिन्यात लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवावा, डिसेंबरात लिहिलेलं असेल तर स्वतः जाऊन बसून बघावं. आणि ‘फक्त खऱ्या गिऱ्हाइकांनीच फोन करावा’ असं ज्यानं लिहिलं असेल, त्याला आतापर्यंत माझ्यासारख्यांचे बरेच फोन येऊन गेले आहेत असं समजावं.

कारण मला स्वतःला गाडी घ्यायची नसली तरी दुसऱ्याची गाडी बघायला जायला मनापासून आवडतं. नात्यात, सोसायटीत कुणी जुनी गाडी घेणार असं कळलं, की मी आपणहून चष्मा पुसून तयार होतो. यंत्रातलं मला काही कळत नाही. माझं काम उस्तादांची बॅटरी धरायचं. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक. पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज, साठी उलटलेली, बोलणं मोजकं. त्यांना बरोबर न्यायचे ते अगदी नाममात्र पैसे घेतात, चहा मात्र दोनदा घेतात.

गाडी बघायला एकटं जायची आपल्याकडे पद्धत नाही. घेणारा असतो, त्याची बायको असते (रंग पसंत करण्याचा अधिकार तिचा), एक मेहुणा असतो आणि पूर्वी कधीतरी हेच मॉडेल वापरलेला एक मित्र असतो. मित्र गाडीभोवती एक फेरी मारून टायरला लाथ घालतो. टायरला लाथ घालून नेमकं काय कळतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, पण ती घातली नाही तर बघणं सुरू झाल्यासारखं वाटत नाही. मेहुणा दार उघडून आपटतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि कुणीही न विचारता मान हलवतो. मग तो ऐतिहासिक प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ ‘हायवेला वीस, गावात सोळा.’ पेट्रोल असो, डिझेल असो, गाडी लहान असो की मोठी, उत्तर एवढंच. पाठ्यपुस्तकात असल्यासारखं.

कागदपत्रांची आता पुष्कळ सोय झाली आहे. ‘एम-परिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, हा कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, असं बरंच काही समोर येतं. मालकाचं नाव मात्र चांदण्यांनी झाकलेलं. पहिलं अक्षर, चार चांदण्या, शेवटचं अक्षर. त्यावरून माणूस ओळखायचा खेळ मेहुणा फार रंगून खेळतो. समोर बसलेले गृहस्थ आपलं नाव सांगत असतात आणि हा मान खाली घालून चांदण्या मोजत असतो.

या सगळ्या माहितीत गाडीची तब्येत कशी आहे याबद्दल मात्र अवाक्षर नाही. ‘फिटनेस’ असा एक रकाना आहे खरा, पण खासगी गाडीच्या बाबतीत तिथे नोंदणीपासून १५ वर्षांनंतरची तारीख आपोआप पडलेली असते. म्हणजे गाडी घेतल्या घेतल्या दुसऱ्याच वर्षी तिनं घाटात कठड्याला मिठी मारली, तरी सरकारदरबारी ती पुढची १३ वर्षं ठणठणीत. १५ वर्षं भरली की आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करायचं, पर्यावरण कर भरायचा आणि पुढची ५ वर्षं पदरात पाडून घ्यायची. मधल्या काळात गाडीला कुणी ‘बाई, कशी आहेस?’ म्हणून विचारत नाही. पीयूसी असते, पण ती धुरापुरती. ब्रेक लागतात की नाही हे पीयूसीवाल्याला कळायचं कारण नाही, तुम्ही त्याच्या टपरीसमोर थांबलात यावरून त्यानं जो अंदाज बांधला असेल तेवढाच.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. तो मध्यंतरी जुनी गाडी शोधत होता. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासून घ्यावी लागते. एमओटी म्हणतात त्या तपासणीला. १९६० साली ती सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली. आणि कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की तिच्या मागच्या तपासण्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. पास की नापास, नापास तर कशात, त्या दिवशी किती मैल झाले होते. पास होऊनही ‘इकडे लक्ष द्या’ असे शेरे असतात ते वेगळेच. भाच्यानं मला असाच एका गाडीचा इतिहास पाठवला. एका वर्षी शेरा होता, मागचा डावा टायर मर्यादेजवळ झिजलाय. दुसऱ्या वर्षी तोच शेरा, शिवाय उजव्याही टायरला. तिसऱ्या वर्षी गाडी नापास आणि त्याच आठवड्यात दोन नवे टायर घालून पास. त्या मालकाचं नाव कुठेच नव्हतं, पण मला तो माणूस लख्ख दिसला. ‘साखर काठावर आहे, जरा सांभाळा’ असं ऐकून येताना कोपऱ्यावर जिलबी घेणारे आमच्याकडे आहेत, हा त्यांचाच तिकडचा भाऊ. मी भाच्याला कळवलं, ‘गाडी चांगली असेल, पण माणूस आळशी आहे. इंजिनऑइल बघ.’ भाच्यानं उलट विचारलं, ‘मामा, तुम्ही तर गाडी बघितलीही नाही.’

पण गाडी बघायची म्हणजे शेवटी तेच बघायचं असतं. आपल्याकडे ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून उस्ताद लागतात.

उस्तादांचे नियम फोनवरच सुरू होतात. गाडी दिवसाउजेडी बघायची. नुकतीच धुतलेली नको, कारण ओल्या पत्र्यावर रंगातला फरक लपतो. आणि आम्ही येईपर्यंत चालू करायची नाही. पोचल्यावर ते नमस्कार करता करता दुसरा हात बॉनेटवर ठेवतात. बॉनेट गरम लागलं तर काही बोलत नाहीत, माझ्याकडे बघतात. गार इंजिन पहिल्या फटक्यात घेतंय का, सुरू होताना खडखडतंय का, सायलेन्सरमधून काय बाहेर येतंय, हे सगळं त्या पहिल्या मिनिटातच कळतं; आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत यातलं बरंच झाकलं जातं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पांढराच धूर येत राहिला तर कूलंट नको तिथे जातंय. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढायचं. तिथून धूर भकाभका वर आला तर ‘बॅक मारतीय’ असं म्हणून उस्ताद झाकण परत लावतात, हात पुसतात, आणि चहा येईपर्यंत हवापाण्याचं बोलतात. सौदा तिथेच संपलेला असतो, फक्त बाकीच्यांना ते अजून कळलेलं नसतं.

या पायरीतून गाडी पुढे गेली तर मात्र उस्ताद वाचायला बसतात. वाचायलाच, दुसरा शब्द नाही. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो आणि त्यात साल कळेल अशी खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच काच दोन वर्षांनी धाकटी असेल, तर त्या बाजूला काहीतरी झालेलं आहे. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मित्र लाथ घालून जे शोधत असतो ते तिथे छापलेलं असतं. गाडी २०१५ची, मीटरवर ३०,०००, आणि टायरचा तिसरा संच चालू, असं निघालं तर पायी गेला असता तरी माणूस एवढे टायर झिजवणार नाही. मग बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघायचे. कंपनीतून बोल्टवर आलेला रंग शाबूत असला तर पत्रा कधी उतरवलेला नाही. कडांवरचा रंग पान्यानं टवका उडवून गेला असेल तर उतरवलाय. दाराचं रबर हलकेच सोलून आत बघायचं. कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर, गोल, आतल्या बाजूला दबलेले असतात. त्याला पंचिंग म्हणतात. गल्लीतल्या पेंटरला जगातला कुठलाही रंग जुळवता येतो; हे ठिपके हुबेहूब जुळवताना मात्र त्याची पंचाईत होते. शेवटी डिकीतली स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा बघायचा. तिथे सुरकुती असेल तर गाडी मागून खाल्लेली आहे. विकणारा माणूस वरचं सगळं चकाचक करतो, पण स्टेपनीखाली त्यानंही गाडी घेतल्यापासून बघितलेलं नसतं.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो पट्टा. उस्ताद ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरतात आणि ओढत राहतात. आपण कधीच एवढा ओढत नाही, पार शेवटपर्यंत. एका पांढऱ्या हॅचबॅकचा त्यांनी असा ओढलेला मला लख्ख आठवतो. गाडी देखणी होती. आतली गालिच्याची मॅट नवीकोरी, डॅशबोर्ड चमकत होता, आणि आत दोन वेगवेगळी अत्तरं लटकत होती. उस्ताद बसल्याबसल्या म्हणाले, ‘दोन कशाला?’ पट्ट्याचा आपल्याला दिसणारा भाग स्वच्छ होता. शेवटच्या वीतभर भागावर मात्र तपकिरी रेघ, आणि रेघेपलीकडे पट्ट्याच्या विणीत बसलेली बारीक माती. उस्तादांनी सीट पुढे सरकवली, खालच्या रुळावरचा गंज नखानं खरवडला आणि गाळाचा तो चिमूटभर चुरा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, ‘ही नदीची.’ २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ला कोल्हापूर-सांगली, २०२१च्या जुलैत चिपळूण. पाणी ओसरतं, बातम्या संपतात. गाड्यांना मात्र पुढचा जन्म असतो, आणि तो बहुधा दुसऱ्या गावात असतो. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी गेली असं धरून पैसे देऊन टाकते. पण गेलेली गाडी सांगाडा म्हणून विकली जाते आणि कधीकधी धुऊन, पुसून, अत्तर लावून परत येते. पूर आलेल्या गावचा नंबर असलेली प्रत्येक गाडी बुडालेली असते असं मुळीच नाही, तसा संशय घेणं त्या गावांवर अन्याय आहे. पण पट्टा ओढायला पैसे पडत नाहीत.

किलोमीटरच्या आकड्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्यावर कुणाचाच विश्वास उरलेला नाही आणि तरीही पहिला प्रश्न तोच असतो. पूर्वी काटा मागे फिरवायला मीटर खोलावं लागायचं, आता लॅपटॉप लागतो. आकडा पाहावा आणि मग पॅडलची रबरं पाहावीत. आकडा तरुण आणि ब्रेकचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग टाळूसारखं चकाकतंय, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले, असं असलं तर रबराचं ऐकावं. चॅसी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसची नोंद काढता येते, तीत दर वेळचे किलोमीटर असतात. आणि कधीकधी तेवढीही गरज पडत नाही. एका गाडीचं मीटर ४८,००० सांगत होतं आणि बॉनेटखाली कुण्या प्रामाणिक पोऱ्यानं चिकटवलेला स्टिकर सांगत होता, ‘पुढचं ऑइल ७१,५०० ला’. मालकांनी तो स्टिकर आमच्याबरोबरच पहिल्यांदा वाचला असावा. ते बराच वेळ त्या स्टिकरकडे बघत उभे राहिले.

हल्ली मोठ्या कंपन्या जुन्या गाड्या शेकडो मुद्द्यांवर तपासून विकतात. हिरव्या खुणांचा लांबलचक अहवाल मिळतो आणि तो खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. फक्त त्यात मालक कुठे सापडत नाही. उस्ताद गाडी एक चक्कर मारून आणतात आणि उतरताना म्हणतात, ‘साहेब डावा पाय क्लचवरच ठेवून चालवतात.’ साहेब खुर्चीतून ‘छे छे’ म्हणायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘मी काय सांगते कधीपासून!’ डाव्या बाजूचे ओरखडे पाहून त्यांना बोळ केवढा अरुंद आहे ते कळतं. मागच्या सीटच्या फटीतून क्रेयॉन निघतो, बडीशेपेचं पाकीट निघतं, महाबळेश्वरच्या पार्किंगची पावती निघते. देवळापलीकडे न गेलेल्या गाडीत. मी तर आता गाडीआधी घर बघतो. दाराशी चपला ओळीनं आहेत का, कुंड्यांना पाणी आहे का, भिंतीवरचं कॅलेंडर चालू महिन्याचं आहे का. ज्यांच्याकडे अजून एप्रिल चालू असतो, त्यांच्या गाडीचं ऑइलही एप्रिलातच असतं. ही माझी स्वतःची पद्धत आहे, तिला शास्त्राधार नाही. उस्ताद मात्र तिला हसत नाहीत.

मग व्यवहार. टोकन द्यायच्या आधी थोडा कागदांचा कंटाळा करावा लागतो. फॉर्म २९ आणि ३० सगळ्यांना ठाऊक असतात. बँकेचं कर्ज फिटलेलं असलं तरी आरसी बुकावरचा बोजा आपोआप उतरत नाही, त्याला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नो क्लेम बोनस मालकाचा, गाडीचा नव्हे. तो जुन्या मालकाबरोबर जातो आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. दिल्लीचा नंबर असलेली डिझेल गाडी विलक्षण स्वस्त मिळत असेल तर त्यात चमत्कार काही नाही. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं बंदी आणली, तेव्हापासून त्यांचे भाव उतरले. इकडे आणल्यावर एनओसी आणि इथला कर धरला की स्वस्ताई बरीचशी विरघळते. आणि विकणाऱ्यानं तर नाव बदलून झाल्याशिवाय निश्चिंत होऊच नये. गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून ताबा देताना तारीख आणि वेळ घालून लिहून घ्यायचं. सकाळी साडेदहाचं चलन कुणाचं आणि दुपारी सव्वाबाराचं कुणाचं, हे भांडण मी पाहिलेलं आहे.

एवढं सगळं करूनही गाडीचा खरा इतिहास कळतो तो पैसे पोचल्यावर. ‘जमा झाले’ म्हणून मेसेज वाजतो आणि विकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एकदम माया दाटून येते. तो किल्ली हातात ठेवतो, पण सोडत नाही. ‘आता तुमचीच गाडी म्हणून सांगतो. पावसाळ्यात डावीकडची मागची काच खाली घेऊ नका, वर येताना कुरकुर करते. थंडीत दुसरा गिअर जरा समजुतीनं टाका. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की तो अर्धा नसतो.’ यात लबाडी असतेच असं नाही. इतकी वर्षं सांभाळून घेतलेल्या खोडी त्याला दोष वाटतच नसतात.

उस्तादांनी यावर एक तोड काढली आहे. सगळी तपासणी झाली, भाव जवळजवळ ठरला, की ते दुसरा चहा मागवतात, मांडी मोकळी करून बसतात आणि म्हणतात, ‘साहेब, गाडी घेतली समजा. आता आम्हाला चालवायची कशी ते सांगा.’ परवा सोसायटीतल्या एकांसाठी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. खऱ्याखुऱ्या डॉक्टरांची. उस्तादांनी प्रश्न टाकला, डॉक्टर खूश झाले, आणि पहिलंच वाक्य बोलले, ‘फार सोपी आहे हो. फक्त उतारावर लावत चला.’